रानातून परतल्यावर

एखादा पाहुणा बोलणे आटोपले तरी उठेना, म्हणजे तो 'गोचिडीसारखा चिकटला' असे आपण म्हणतो. पाहुणा निदान दार वाजवून येतो. गोचीड केव्हा आली हे कळतही नाही, कारण तिच्या लाळेत चाव्याची वेदना दडपणारी द्रव्ये असतात.

आमच्या घरी आजोबांचे एक शिकारीचे छायाचित्र आहे. त्यांच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या दिसतात. तो साहेबी थाट असावा, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. पुढे उलगडा झाला की त्यात थाटापेक्षा शहाणपण अधिक होते. गोचीड उडी मारीत नाही. ती गवताच्या पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते आणि घासून जाणाऱ्या जनावराला वा माणसाला धरून वर चढते. पट्टी असली म्हणजे तिला कातडी लवकर सापडत नाही.

शिकारीचे ते पर्व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपले, आणि आमच्याकडील कवालचे अरण्य २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. परंतु रानात जाणे थोडेच थांबले आहे? मोहफुले, तेंदूपाने, सरपण आणि गुरे यांच्यामागे आमच्या शाळेतील निम्मी मुले वर्षातून केव्हा ना केव्हा रानात असतात.

या विषयात सर्वांत गाजलेले उदाहरण पश्चिम घाटातील आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या तापाचा विषाणू शोधला, व तो गोचिडींमार्फत पसरतो हेही दाखवून दिले. लोक त्याला 'माकडताप' म्हणतात. पुढे तो गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग, बांदा या भागांत, काजूच्या बागांत राबणाऱ्या आपल्याच मराठी माणसांपर्यंत पोहोचला. शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच दगावतात, आणि त्यावर नेमके औषध नाही. मेलेले माकड दिसले तर त्याच्याजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे, हा धडा तेथल्या लोकांनी फार मोठी किंमत देऊन घेतला.

आमच्या वाट्याला आलेला धडा निराळा होता. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात सातवीतील एक गुराखी मुलगा ताप घेऊन वर्गात बसला होता. आम्ही त्याला तापाची गोळी देऊन घरी धाडले आणि 'हिवताप असेल' असे बापाला सांगून मोकळे झालो. आठ दिवसांनी त्याला श्वास घेववेना. तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी त्याची बंडी उतरवून काखेत पाहिले. तेथे विडीच्या चटक्यासारखी एक काळी खपली होती. तो 'स्क्रब टायफस' होता. २०१८ साली नागपूर व विदर्भात ज्याने बळी घेतले, तोच. गोचिडीच्या नात्यातील, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांच्या पिल्लांच्या चाव्याने तो होतो. यावर मात्र डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध लागू पडते, वेळेवर दिले तर. मुलगा वाचला. पण ते आठ दिवस आम्ही घालविले होते, हे आम्हास विसरता येत नाही.

म्हणून लिहितो. रानात जाताना अंगभर आणि शक्यतो फिक्या रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे किडा उठून दिसतो. विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. मोजे नसतील तर सुतळीने बांधावीत. उघड्या अंगाला कीटक दूर ठेवणारे मलम किंवा तेल लावावे. पालापाचोळ्यावर आडवे होऊ नये. (दुपारच्या वेळी हे पथ्य कठीण, हे आम्ही जाणतो.) घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी आणि कानामागे, काखेत, कमरेशी, जांघेत, गुडघ्याच्या मागे नीट पाहावे. मुलांचे आईने पाहावे, म्हाताऱ्यांचे सुनेने वा मुलाने. यात लाज कसली?

गोचीड चिकटलेली आढळली तर काडीचा चटका, रॉकेल, चुना हे आजीबाईचे उपाय नकोत. त्यांनी ती चवताळते आणि पोटातले जखमेत ओकू शकते. बारीक चिमट्याने तिला कातडीलगत धरावे, सावकाश सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुवावी. गुरांच्या गोचिडी बोटांनी चिरडण्याची आपल्याकडे फार खोड आहे. ती सोडावी. २०११ साली अहमदाबाद जिल्ह्यात काँगो तापाने रुग्ण दगावला, आणि त्याची शुश्रूषा करणारे डॉक्टर व परिचारिकाही गेल्या. तो विषाणू गुरांच्या गोचिडींतून येतो व चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तातूनही लागतो. पुढे दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण रानात गेलो होतो हे सांगावे.

आमच्या शाळेत तापाने गैरहजर राहणाऱ्या मुलांची एक वही आहे. तीत 'रानात गेला होता काय?' असा रकाना आम्ही स्वतः आखला आहे. गेल्या आश्विनात त्यात तीनदा 'होय' लिहावे लागले. त्यांपैकी एका मुलीच्या कमरेशी खपली निघाली. तिला त्याच दुपारी दवाखान्यात नेले आणि सहामाही परीक्षेला ती बाकावर होती.