अंगठा आपला, खातं कुणाचं?

पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरात आधार लिंक असलेलं एक तरी खातं आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी. म्हणजे सगळ्यांनीच.

परवा आठवडी बाजाराच्या दिवशी ओळखीतल्या एक काकू पासबुक घेऊन घरी आल्या. लाडक्या बहिणीचे पैसे काढायला एका अंगठ्याच्या मशीनवाल्याकडे गेल्या होत्या. अंगठा लावला. "सर्व्हर डाऊन हाय काकू, पुन्यांदा लावा." पुन्हा लावला. "येत नाही, दुसरं बोट लावा." तेही लावलं. शेवटी हजार रुपये हातावर पडले. पंधरा-वीस दिवसांनी बँकेत जाऊन पासबुक भरलं तर त्याच दिवशीच्या दोन एंट्र्या, एक १००० ची अन् एक १५०० ची. पावती नाही. मेसेज नाही, कारण खात्याला जोडलेला नंबर लेकाच्या जुन्या सिमचा आणि ते सिम कधीच बंद पडलंय. बँकेत विचारलं तर उत्तर मिळालं, "अंगठा तुमचाच आहे ना? मशीन काय खोटं बोलतंय का?"

काकू मला म्हणाल्या, "भाऊ, अंगठा माझाच, लावला बी मीच. आता भांडू कुनासंग?"

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. चोरी झाली तर माणूस चोराला शिव्या देतो. इथं चोरी झालेली बाईच स्वतःला दोष देत बसली होती.

आधी ही भानगड चालते कशी ते समजून घ्या. आधारवरून पैसे काढायच्या या सोयीला एईपीएस म्हणतात. तीन गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही, एटीएम कार्ड नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. आता तुमचं बँकेचं नाव गावात कुणाला माहीत नाही? आधार नंबर तर रेशनपासून लॉजपर्यंत प्रत्येक झेरॉक्सच्या गठ्ठ्यात पडलाय. उरला अंगठा. तो सिम घेताना दिला, रेशनला दर महिन्याला देतो, केवायसीला देतो, जमिनीच्या खरेदीखतावर देतो. पिन चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलून कुठं मिळतो?

ही नुसती भीती नाही. २०२३ मध्ये बेंगळुरूत लोकांच्या खात्यातून पैसे गेले, तेव्हा तपासात नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरची खरेदीखतं निघाली. कागदावरचा ठसा उचलायचा, त्याचं नकली बोट करायचं, मशीनवर टेकवायचं. त्याच वर्षी आधार प्राधिकरणानं जिवंत बोट आणि नकली बोट यातला फरक ओळखणारी नवी तपासणी आणली. नकली बोटं चालत नव्हती तर ती आणली कशाला? २७ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं या मशीनवाल्यांची नीट पडताळणी करा असा आदेश बँकांना काढला, १ जानेवारी २०२६ पासून लागू. म्हणजे ही मशीनं गावोगाव वाटून इतकी वर्षं झाल्यावर, वाटली कुणाला ते आता बघायचं ठरलं.

आणि एक गंमत सांगतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्याच बेंगळुरू कार्यालयानं सांगितलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसतील असं मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत केंद्र सरकारनं ते पत्रक मागं घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. लोक बरोबर अर्थ काढत होते, अडचण तीच होती.

"बायोमेट्रिक लॉक करा की" असं लगेच कुणीतरी कमेंटमध्ये लिहील. बरोबर आहे. आधारच्या ॲपवर ती सोय आहे, मी स्वतः लावली आहे. पण लॉक लावला की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. मग दर महिन्याला मोबाईलवर लॉक उघडायचा, धान्य घ्यायचं, परत लावायचा. त्यासाठी स्मार्टफोन हवा, आधारला चालू नंबर हवा, नेटवर्क हवं. ज्या काकूला कुलपाची गरज आहे तिच्याकडं यातलं काहीच नाही. ज्याच्याकडं सगळं आहे तो अंगठ्यानं पैसे काढतच नाही.

म्हणून माझी साधी मागणी आहे. आधारवरून पैसे काढायची सोय प्रत्येक खात्याला आपोआप चालू नको. ज्याला पाहिजे त्यानं अर्ज करून चालू करून घ्यावी आणि रोजची मर्यादा त्यानंच ठरवावी, मग ती पाचशे का असेना. एटीएम कार्डाला हे जमतं. अंगठ्याला का जमू नये?

आता दुसरी गोष्ट. अतिवृष्टी झाली की अनुदानाच्या याद्या येतात. मागं एका व्हॉट्सॲप गटावर अशीच पीडीएफ आली. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, मोबाईल नंबर आणि पूर्ण खाते क्रमांक. तीन-साडेतीनशे माणसांचा संसार एका फाईलमध्ये. मी गटावर लिहिलं की खाते क्रमांक काढून टाका. तर एकानं विचारलं, "पत्रकार असून पारदर्शकतेला विरोध करता का?"

नाही बाबा. कुणाला किती पैसे मिळाले हे चावडीवर लागलंच पाहिजे. त्या यादीवरूनच बोगस नावं सापडतात, आम्ही कित्येक बातम्या त्याच्यावर केल्यात. पण बोगस नाव पकडायला खाते क्रमांक कशाला लागतो? नाव, गाव, रक्कम पुरे. नंबर लागतो तो फक्त फोन करून "बँकेतून बोलतोय, तुमचं अनुदान अडकलंय" म्हणणाऱ्याला. त्याला तुमची रक्कमही माहीत असते, म्हणून तर तुमचा विश्वास बसतो.

"गरिबाकडं लपवायला असतंय काय?" हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा पगारदार असतो. अहो, गरिबाकडंच लपवायला असतं. लेकीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले चार हजार दारुड्या नवऱ्यापासून लपवायचे असतात. हळद विकून आलेला पैसा सावकाराला लगेच कळू द्यायचा नसतो. आजार गावाला कळू द्यायचा नसतो. पूर्वी हा पैसा डब्यात, उतरंडीत, लुगड्याच्या घडीत राहायचा. बाईची सगळी आर्थिक मोकळीक तेवढीच होती, पण होती.

लाडकी बहीण योजनेचंच घ्या. बाईच्या स्वतःच्या खात्यात पंधराशे रुपये, ही गोष्ट चांगली, मी त्याच्या बाजूनं लिहिलं होतं आणि आजही आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार आणि त्याच्या मोबाईलवरचा ओटीपी मागितला. पैसा तिचा, चावी त्याच्या खिशात! ज्यांना नवरा नाही, बाप नाही, किंवा ज्यांना नवऱ्यानं टाकलंय, त्या बायका केंद्रावर चकरा मारून थकल्या. ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या असं सांगितलं आणि मुदत वाढवली. टाकलेल्या बाईकडं कोणता कागद असतो, हे मंत्रालयात कुणाला सुचलं नाही.

तिसरी गोष्ट आपल्या भागातली सगळ्यात दुखरी. होल्ड. पीककर्ज थकलं की बँक खात्याला होल्ड लावते. मग त्या खात्यात सोयाबीनचे पैसे येवोत, पीएम किसानचे येवोत, नाहीतर अतिवृष्टीचं अनुदान येवो, पासबुकात दिसतं पण हातात येत नाही. सरकारी मदतीतून बँकांनी कसलीही वसुली करू नये हे शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं असतं. बँकवाले त्यातून पळवाट काढतात: "आम्ही वसुली कुठं केली? फक्त होल्ड लावलाय." ताट पुढं ठेवायचं आणि हात बांधायचे, वर म्हणायचं आम्ही घास काढून घेतलाच नाही.

रोखीच्या जमान्यात बँकेला तुमच्या खिशात हात घालता येत नव्हता. आता खिसाच तिच्या काउंटरवर आहे. आणि तो तिथं ठेवा असं सांगणारं सरकार आहे, कारण थेट खात्याशिवाय काही मिळतच नाही. मी डीबीटीच्या विरोधात नाही. निराधारांचे पैसे हातात पडेपर्यंत किती जणांचे हात ओले व्हायचे ते आम्ही लहानपणापासून बघितलंय. मधला दलाल गेला हे खरंच चांगलं झालं. पण दलाल जाऊन त्याच्या जागी एक कळ आली आणि ती दाबायचा अधिकार आपल्याला न विचारता कुणाला तरी दिला, एवढंच माझं म्हणणं आहे.

याच गोरेगाव भागातल्या शेतकऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्ज फेडायला आमचे अवयव विकत घ्या म्हणून मुख्यमंत्र्यांना निवेदन दिलं होतं. किडनीचे, डोळ्यांचे दर लिहून. देशभर बातमी झाली, चार दिवस कॅमेरे आले अन् गेले. तेव्हा लोक म्हणाले हा स्टंट आहे. मला आता वाटतं, आपण एक अवयव आधीच देऊन बसलोय, तोही फुकट.

कायद्याचं काय? देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. त्यानंतर सात वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ च्या सप्टेंबरात सांगितलं की बँक खात्याला आणि सिमला आधारची सक्ती करता येणार नाही, सरकारी अनुदानाला मात्र चालेल. म्हणजे शहरातला पगारदार आधार न देता खातं चालवू शकतो. आपण मात्र पीएम किसान आणि अनुदानावर जगणारे, आपल्याला ती सूट कागदावरच.

मग २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. आता नीट वाचा, कारण यावर टीव्हीवर फारशी चर्चा झाली नाही. तुमची माहिती सांभाळण्याची जी मुख्य बंधनं कंपन्यांवर येणार आहेत, ती लागू व्हायला अठरा महिने. पण त्याच कायद्यातलं माहिती अधिकार कायदा बदलणारं कलम लगेच लागू. आधी एखाद्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक हितासाठी आवश्यक असेल तर त्याच कलमात ती देण्याची तरतूद होती. आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढं म्हणून अर्ज फेटाळता येतो. त्याविरुद्ध सार्वजनिक हिताचं दुसरं कलम शिल्लक आहे म्हणतात, पण तालुक्याच्या ऑफिसात ते कोण ऐकून घेणार?

म्हणजे चित्र असं: शेतकऱ्याचा खाते क्रमांक व्हॉट्सॲपवर फिरतोय आणि साहेबाची माहिती मात्र गोपनीय. खासगीपणाचा हक्क आपण कोर्टातून मिळवला आणि तो वापरायला पहिल्यांदा मिळाला तो कार्यालयाला.

पोरांसाठी एक सांगतो, थोडक्यात. दहा मिनिटांत कर्ज देणारे ॲप घेताना कॉन्टॅक्टची परवानगी मागितली की तिथंच थांबा. तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो अशा ॲपनी घ्यायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलंय. जो मागतो तो कर्ज द्यायला बसलेला नाही, उद्या तुमच्या मामाला अन् मास्तरांना फोन करून तुमची इज्जत काढायला बसलाय.

आता काकूंचं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, ग्राहकावर नाही. चूक बँकेच्या बाजूची असेल तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची असेल, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तोच नियम. मशीनवाला बँकेनंच नेमलेला असेल तर तो बँकेचा माणूस, हे आमचं म्हणणं. "अंगठा तुमचाच आहे" हे उत्तर नाही. आम्ही त्यांचा लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. पोच द्यायलाच पाऊण तास लावला, तेही लिहून ठेवतो.

कुणाचं असं झालं असेल तर आधी १९३० वर फोन करा, मग बँकेत लेखी द्या. तोंडी सांगून आलात तर सांगितलंच नाही असं समजा. होल्ड लावला असेल तर कोणत्या नियमानं लावला ते लेखी मागा.

१ मेच्या ग्रामसभेत मी तीन विषय लेखी देणार आहे: अंगठ्याच्या प्रत्येक मशीनवर चालवणाऱ्याचं नाव, बँकेचं नाव आणि पावती मिळेलच असा बोर्ड, गावात फिरणाऱ्या कोणत्याही यादीत आधार, खाते आणि मोबाईल नंबर नको, आणि अनुदानावरचे होल्ड काढायला जिल्हाधिकाऱ्यांकडे ठराव. ठराव झाला म्हणून उद्या होल्ड निघणार नाहीत, एवढं मलाही कळतं. पण शंभर पासबुकं टेबलावर असतील तर बोलायला सोपं जातं.

तोपर्यंत ज्यांच्या एंट्र्या जुळत नाहीत त्यांनी पासबुक भरून घेऊन संध्याकाळी माझ्याकडं या. आधारची झेरॉक्स आणू नका, लागत नाही.