युरोपचे पोलाद-नियोजन आणि वरठीची भट्टी

भंडारा : तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीज खाणी आणि वरठी येथील सनफ्लॅग पोलाद कारखाना यांच्यामुळे भंडारा जिल्हा देशाच्या पोलाद उद्योगाशी जोडला गेला आहे. या उद्योगाचे भवितव्य मात्र आता दिल्लीइतकेच ब्रुसेल्समध्येही ठरू लागले आहे. आयात होणारे पोलाद तयार करताना किती कार्बन वायू बाहेर पडला, याची माहिती युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २०२३ पासून मागण्यास सुरुवात केली. १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर त्यानुसार आकारही लागू करण्यात आला आहे. पोलादाबरोबर बोल्ट-नटसारख्या वस्तूही या कक्षेत येतात.

हा निर्णय एका रात्रीत झालेला नाही. सहा देशांनी १९५१ मध्ये कोळसा व पोलादाचा संयुक्त करार केला आणि उत्पादकांकडून घेतलेल्या अधिभारातून संशोधनालाही पैसा दिला. २००२ मध्ये कराराची मुदत संपली. तेव्हा शिल्लक निधी सरकारांनी आपसात वाटून न घेता कोळसा-पोलाद संशोधनासाठीच राखून ठेवला. २००४ मध्ये उद्योग, विद्यापीठे व संशोधन संस्था एका मंचावर आल्या आणि त्यांनी थेट २०३० पर्यंतचा संशोधन आराखडा आखला. कार्बन उत्सर्जन निम्म्यावर आणण्याचा ‘अल्कोस’ प्रकल्पही त्याच वर्षीचा.

सारेच बेत तडीस गेले असे नाही. फ्रान्समधील फ्लोरांज येथील अल्कोसचा प्रयोग २०१२ मध्ये गुंडाळावा लागला. परंतु संशोधनाचा धागा तुटला नाही. स्वीडनमधील लुलेओ येथे २०२० मध्ये कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोह तयार करणारा प्रायोगिक संयंत्र सुरू झाला. नियोजनाचे खरे मोल अशा सातत्यात असते.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. उत्पादनाचा आकडा सर्वांच्या मुखी आहे. संशोधनाचा आराखडा मात्र चर्चेत क्वचितच येतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘हरित पोलादा’ची व्याख्या केली. त्यानुसार एक टन पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन उत्सर्जन अपेक्षित आहे. देशातील स्पंज आयर्नचा मोठा भाग कोळशावर तयार होतो. त्यामुळे ही मर्यादा गाठणे सोपे नाही.

वरठीचा कारखाना मोटार उद्योगाला लागणारे विशेष पोलाद तयार करतो. अशा पोलादापासून बनलेले सुटे भाग परदेशी जाणार असतील, तर पोलादाचा दर्जा व दर यांच्यासोबत कार्बनचा हिशेबही ग्राहक मागणारच. तो देता आला नाही, तर झळ प्रथम कामगार, मालवाहतूकदार व लहान पुरवठादारांना बसेल. तुमसरजवळचा फेरोमँगनीज कारखाना बंद पडल्यावर काय होते, हे या जिल्ह्याने अनुभवले आहे.

संशोधनाची साधने दूर आहेत, असेही नाही. ‘मॉइल’चे मुख्यालय, भारतीय खाण ब्यूरो आणि धातुशास्त्र विभाग असलेली ‘व्हीएनआयटी’ या तिन्ही संस्था सुमारे ६० किलोमीटरवरील नागपुरात आहेत. बॅटरीसाठी लागणारा मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा ‘मॉइल’चा प्रकल्प तर डोंगरी बुजुर्ग येथेच आहे. खनिजावर संशोधनाची जोड देऊन त्याचे मोल वाढवता येते, याचा हा घरचाच दाखला.

उणीव आहे ती या साऱ्यांना एका दीर्घ मुदतीच्या कार्यक्रमात गुंफणाऱ्या यंत्रणेची. हलक्या प्रतीच्या मँगनीजचा वापर, स्पंज आयर्नमधील कोळशाची बचत आणि कार्बनची अचूक मोजणी हे तीन विषय त्यासाठी पुरेसे आहेत. खनिज विकासाच्या नावाने जमा होणाऱ्या निधीवर रस्ते व इमारतींचा हक्क आहेच. परंतु त्यांच्यासाठी रोजगार टिकवणाऱ्या संशोधनाचा विचार बाजूला पडता कामा नये. युरोपने वीस वर्षांपूर्वी पेरले, ते आज आपल्या दारात नियम बनून उभे आहे. आपली पेरणी कधी होणार, याचे उत्तर लोकप्रतिनिधी व उद्योजक या दोघांनीही द्यायचे आहे.