चेहऱ्यांचे नियतकालिक की गाण्यांचे?

किशोरवयीन मुलींसाठी पॉप संगीताचे नियतकालिक काढावयाचे झाल्यास त्याची मांडणी कशी असावी, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना क्षुल्लक वाटेल. दिवसभर नस्त्यांवर शेरे लिहून थकलेल्या गृहस्थाने चार मराठी अक्षरे डोळ्यांखालून घालावीत म्हणून हा अंक उघडावा आणि त्यात विलायती मुलींच्या वाचनाची चर्चा निघावी, हे काहींना रुचणारही नाही. तरी हा विषय आम्ही जाणूनबुजून घेतला आहे. मुखपृष्ठ आखणारा मनुष्य आपल्या वाचकाविषयी मनात काय धरून बसला आहे, हे त्याच्या रंगांवरून आणि अक्षरांच्या वळणावरून जितके उघड होते तितके त्याच्या अग्रलेखावरूनही होत नाही. मुलींच्या बाबतीत जे मनात धरले जाते, ते आमच्या मते खोटे आहे, अपमानकारक आहे आणि धंद्याच्या दृष्टीनेही आंधळे आहे.

इंग्लंडात २००८ नंतरची काही वर्षे माध्यमविद्येच्या सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी एक काम नेमून दिले जात असे. एका नव्या संगीतविषयक नियतकालिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि समोरासमोरच्या दोन पानांचा एक लेख त्यांनी तयार करावयाचा. छायाचित्रे आणि मजकूर सर्वस्वी स्वतःचा हवा. काम उत्तम होते यात शंका नाही. परंतु अशा कामाचा आरंभ वाचकाचे वर्णनपत्र लिहून होतो, आणि घोटाळा तेथेच होतो. वर्णनपत्रात ‘मुलगी, वय तेरा ते सतरा’ एवढे लिहिले की पुढील सारे जणू आपोआप ठरते: गुलाबी रंग, गोलसर अक्षरे, मध्ये एका देखण्या तरुणाचे हास्य, कोपऱ्यात ओठांना लावण्याच्या रंगाची फुकट डबी आणि ‘त्याला कशी मुलगी आवडते?’ असा मथळा. तेच वर्णनपत्र मुलाचे असेल तर पान काळे होते, त्यावर गिटार येते आणि नव्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण येते. संगीत दोघांचेही तेच. परंतु एकाला वाद्य दाखवावयाचे आणि दुसरीला फक्त चेहरा.

आमच्या वाचकांना गोपनीय अहवालाचा प्रताप ठाऊक आहे. मनुष्य कामावर रुजू होण्यापूर्वीच त्याच्याविषयी कोणीतरी चार ओळी लिहून ठेवलेल्या असतात आणि पुढे त्याने काहीही केले तरी ते त्या चार ओळींच्या उजेडातच वाचले जाते. किशोरवयीन मुलीचा असाच अहवाल गेली साठाहून अधिक वर्षे दफ्तरी पडून आहे. तो प्रथम कोणी लिहिला आणि त्याला उत्तर कोणी दिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

स्कॉटलंडातील डंडी येथील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने जानेवारी १९६४ मध्ये ‘जॅकी’ हे मुलींचे साप्ताहिक सुरू केले. ते १९९३ पर्यंत चालले आणि १९७० नंतरच्या दशकात त्याचा खप आठवड्याला पाच लाखांच्या वर होता. चित्रमय प्रेमकथा, वेशभूषेच्या सूचना, ‘कॅथी आणि क्लेअर’ या नावाने दिलेली वाचकांच्या खाजगी अडचणींची उत्तरे आणि भिंतीवर चिकटवण्याजोगी गायकांची रंगीत चित्रे हा त्याचा ऐवज. १९७८ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संस्कृती-अभ्यास केंद्रातील अँजेला मॅकरॉबी यांनी या साप्ताहिकाची चिकित्सा प्रसिद्ध केली. प्रेम, खाजगी जीवन, वेशभूषा व सौंदर्य आणि पॉप संगीत असे चार धागे त्यांनी त्यात वेगळे काढून दाखवले. आणि चौथ्या धाग्याविषयी त्यांचे निरीक्षण फारच मार्मिक आहे. तेथे संगीत नाममात्रच होते; होते ते गायक. गाणे कसे बांधले आहे, वाद्ये कोण वाजवतो, ते आवडावे वा नावडावे ते का, याचा विचार मुलीने करावा अशी अपेक्षाच त्या पानांत नव्हती. तिने चित्राकडे पाहावे आणि उसासा टाकावा, एवढेच काम तिच्याकडे सोपवले होते.

यावर धंदेवाईकांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, ‘आम्ही समाजसुधारक नव्हे. मुलींना चेहरा हवा असतो, आम्ही चेहरा देतो. पाच लाखांचा खप हाच पुरावा.’ हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. चेहऱ्याची ओढ खोटी नसते, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी मनात उठणाऱ्या प्रश्नांना आईबापांच्या घरात उत्तर मिळत नसेल तर ‘कॅथी आणि क्लेअर’ यांना पत्र लिहिणे हा मोठाच दिलासा होता. त्या पत्रव्यवहाराची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु दुकानात एकाच प्रकारची मिठाई ठेवावयाची आणि ती खपली म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरे काही आवडतच नाही असा सिद्धांत मांडावयाचा, हा कोणत्या न्यायशास्त्राचा नमुना?

आणि पुरावाच हवा असेल तर तो उलट बाजूनेही आहे. १९७८ साली निक लोगन यांनी ‘स्मॅश हिट्स’ नावाचे नियतकालिक काढले. लोगन हे त्यापूर्वी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या संगीतविषयक साप्ताहिकाचे संपादक होते. म्हणजे मोठ्यांसाठी गंभीर लेखन करवून घेण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांची युक्ती अगदी साधी होती. त्या पंधरवड्यात गाजत असलेल्या गाण्यांचे संपूर्ण शब्द छापावयाचे आणि सोबत चांगल्या कागदावर रंगीत चित्र द्यावयाचे. आमच्या वाचकांना हे ऐकून चित्रपटगृहाच्या दाराशी आण्या-दोन आण्यांना मिळणारे गाण्यांचे पुस्तक आठवेल. ते पुस्तक जपणाऱ्या मुलीला नायकाचा चेहरा आवडत नव्हता असे नाही. परंतु ती ओळी पाठ करीत असे, कडव्यांचा क्रम चुकला तर मैत्रिणीला टोकत असे. गाण्याचे शब्द हाती देणे म्हणजे ‘हे तूही म्हण’ असे सांगणे होय. केवळ चित्र हाती देणे म्हणजे ‘तू पाहत राहा’ असे सांगणे होय.

‘स्मॅश हिट्स’चा दुसरा गुण त्याचा विनोद. त्याचे लेखक गायकांपुढे नतमस्तक होत नसत. मोठमोठ्या कलावंतांना ते भलतेच प्रश्न विचारीत आणि बडेजाव मिरवणाऱ्याची फजिती वाचकांसमोर मांडीत. पत्रांना ‘ब्लॅक टाइप’ नावाचा कोणी अदृश्य इसम खट्याळ उत्तरे देई. १९८७ साली तर पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची मुलाखत या पोरासोरांच्या पत्राने घेतली. नील टेनंट हे त्याच्या संपादकवर्गात होते. १९८५ साली ते काम सोडून ‘पेट शॉप बॉइज’ या जोडीतून स्वतःच गाऊ लागले आणि जगप्रसिद्ध झाले. हे पत्र मुलगे वाचीत आणि मुलीही मोठ्या संख्येने वाचीत. १९८०–९० च्या दशकाअखेर त्याचा खप दहा लाखांच्या घरात पोहोचला होता. मुलींना बुद्धी आहे असे गृहीत धरल्याने खप बुडतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वच्छ चष्म्याने पाहावा.

अमेरिकेतही तोच दाखला मिळतो. १९६६ साली ‘डेटबुक’ या किशोरांच्या मासिकाने लंडनच्या एका सायंदैनिकात त्यापूर्वी आलेली बीटल्सची मुलाखत पुन्हा छापली, आणि ख्रिस्ती धर्माविषयी जॉन लेनन जे बोलले होते त्यावरून त्या देशात वादळ उठले. इंग्लंडात त्या वाक्याकडे कोणी फारसे लक्षही दिले नव्हते. पोरींचे वाचन म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पानांत धर्म आणि प्रसिद्धी यांविषयीचा इतका जड मजकूर मावत होता, हे आमच्या दृष्टीने त्या वादळाहूनही अधिक लक्षात घेण्याजोगे आहे.

याउलट, वर्णनपत्राची सवय किती खोल जाते याचे उदाहरण १९९६ चे आहे. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या नावाने निघणाऱ्या मासिकाच्या कचेरीत ‘स्पाइस गर्ल्स’ या पाच तरुणींना पाच टोपणनावे देण्यात आली. एक भीतिदायक, एक बाळ, एक खेळाडू, एक तांबड्या केसांची, एक ऐटबाज. गंमत म्हणून दिलेली ही नावे जगभर त्यांना चिकटली. पाच गायिकांत कोणाचा आवाज कसा, कोणत्या गाण्यात कोणाचा वाटा किती, हे सांगू शकणारे त्यामानाने थोडेच निघतील. नावे देणाऱ्यांचा हेतू दुष्ट नव्हता. तसा तो असण्याची गरजही नव्हती. एका शब्दात मुलीला बसवण्याचा सराव असला म्हणजे पुरे.

आता आमच्यातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप. ते म्हणतील, ‘मुळात हे संगीतच उथळ, त्याच्या नियतकालिकाची एवढी चिंता कशाला?’ या मंडळींना आम्ही बालगंधर्वांची आठवण देतो. त्यांच्या भूमिकांतील शालू, अंबाडा, दागिने यांचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत होत्या, हे सर्वश्रुत आहे. म्हणून त्या स्त्रियांना त्यांची पदे कळत नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? रूपाची मोहिनी आणि कानांची जाण एकाच प्रेक्षकात नांदत होती. आज नाट्यसंगीताला आपण वारसा म्हणतो. त्या काळी तेच लोकांच्या तोंडी असलेले ताजे गाणे होते. आणि वाचकाविषयी आदर बाळगण्याचे शिक्षण आम्हांस विलायतेकडून घ्यावे लागते असेही नाही. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले ते स्त्रीला विचार करणारी व्यक्ती मानूनच; आणि ते चालले.

मग असे नियतकालिक आखावे कसे? आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. मुखपृष्ठावर चेहरा खुशाल असावा. परंतु त्या व्यक्तीच्या हाती तिचे काम दिसावे. वाद्य असो, ध्वनिक्षेपक असो, गाणे लिहिलेला कागद असो. विक्रेत्याच्या मांडणीवर अंक एकमेकांवर सरकवून ठेवले जातात आणि डावी कडच काय ती दिसते, म्हणून महत्त्वाचे मथळे तेथे देण्याचा प्रघात आहे. त्या मोक्याच्या जागी निदान एक मथळा गाण्याविषयी असलाच पाहिजे. रंग गुलाबी असला तरी आमची तक्रार नाही. गुलाबी रंगाने गुन्हा केलेला नाही; तो आज्ञेने वापरला जातो हा गुन्हा आहे. अनुक्रमणिकेत संगीताची पाने आधी आणि सौंदर्यप्रसाधने नंतर यावीत. समोरासमोरच्या दोन पानांची मुलाखत असेल तर आवडता रंग आणि आवडते खाद्य यांबरोबर ‘हे कडवे तुम्ही कितीदा बदलले?’ हाही प्रश्न असावा. गाण्याचे शब्द असावेत, सोपे स्वरमेळ असावेत. वादक, गीतलेखिका, ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्त्रिया यांचा परिचय असावा, म्हणजे व्यासपीठाखाली उभे राहून ओरडणे याखेरीज आणखीही जागा आपल्यासाठी आहेत हे मुलीला कळेल. आणि पत्रव्यवहाराची पाने शक्य तितकी मोठी असावीत.

याहून पुढे जाऊन आम्ही म्हणू की कात्री आणि डिंक मुलींच्याच हाती द्यावा. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील ऑलिम्पिया गावी ‘रायट गर्ल’ चळवळीतील तरुणींनी तेच केले. हाताने लिहिलेली, कापून चिकटवलेली, छायाप्रती काढून वाटलेली त्यांची पत्रके दिसायला ओबडधोबड होती. परंतु त्यांत वाचक आणि संपादक या दोघींची भाषा एकच होती. म्हणूनच वर सांगितलेल्या परीक्षेतील कामाचे आम्हांस अधिक वाईट वाटते. तेथे आखणाऱ्यांत मुलीही होत्या. आपल्याच वयाच्या वाचकासाठी पान आखताना एखादी मुलगी जेव्हा स्वतःच्या कपाटातील ध्वनिमुद्रिका विसरते आणि दफ्तरातील तो जुना गुलाबी अहवाल उतरवून काढते, तेव्हा त्या अहवालाने आपले काम पुरे केलेले असते.

कोणी म्हणेल, छापील नियतकालिकांचे दिवस संपले. ‘स्मॅश हिट्स’ २००६ साली बंद पडले हे खरे. परंतु वर्णनपत्र काही बंद पडले नाही. ते कागदावरून यंत्रात गेले. आज मुलीच्या हातातील पडद्यावर कोणते गाणे आधी यावे हे तिचे वय आणि तिच्या पूर्वीच्या आवडी मोजून ठरवले जाते. पूर्वी निदान संपादकाला पत्र लिहून भांडता येत होते.

शेवटी हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरातलाच आहे. आपल्या बदल्या होतात. मुलींच्या शाळा सुटतात, मैत्रिणी सुटतात, नव्या गावची भाषाही परकी असते. अशा वेळी वर्गातील अनोळखी मुलींत शिरण्याचा तिचा पहिला मार्ग पुष्कळदा एखादे गाणेच असते. त्या गाण्याविषयी ती जे वाचते किंवा पडद्यावर पाहते, ते हिसकावून घेऊ नये आणि त्याला नाकही मुरडू नये. ते तिच्या शेजारी बसून चाळावे आणि एवढेच विचारावे की, ‘यात गाण्याविषयी काय आहे?’ ती उत्तर देऊ लागली तर ऐकावे. आणि काहीच नाही असे म्हणाली, तर अधिक चांगले मागण्याचा अधिकार आपल्याला आहे हे तिला सांगावे.