पाणी राज्यांचे, नदी कोणाची?

पावसाळा तोंडावर आला, की सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी अलमट्टी धरणाची चर्चा सुरू होते. उन्हाळा आला, की त्याच कृष्णेच्या खोऱ्यातील माण, आटपाडी, जत या तालुक्यांतून पाण्याची ओरड होऊ लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पहिल्या चर्चेला धार आणली. दुसऱ्या प्रश्नाची तीव्रता नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रत्ययास आली. पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ, अशी जत तालुक्यातील सीमेलगतच्या काही गावांनी पूर्वी केलेली भाषा त्या वेळी दोन राज्यांतील वादाचा विषय बनली. एकाच खोऱ्यात अतिरेकही आहे आणि अभावही. मात्र जबाबदारीचा प्रश्न निघाला, की राज्य केंद्राकडे बोट दाखवते आणि केंद्र राज्यघटनेकडे. घटना याविषयी काय सांगते, हे म्हणूनच एकदा नीट पाहिले पाहिजे.

पाणी हा राज्यांचा विषय आहे, हे विधान अर्धेच खरे आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या १७ व्या नोंदीत पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, बंधारे, जलसाठे व जलविद्युत यांचा समावेश आहे खरा. परंतु ही नोंद संघसूचीतील ५६ व्या नोंदीच्या अधीन आहे. आंतरराज्य नद्या व नदीखोरी यांचे नियमन आणि विकास लोकहितासाठी केंद्राच्या नियंत्रणाखाली असणे इष्ट आहे, असे संसदेने कायद्याने जाहीर केल्यास तेवढ्या मर्यादेत तो अधिकार केंद्राकडे जातो. शिवाय अनुच्छेद २६२ अन्वये पाणीतंट्यांच्या निवाड्याची व्यवस्था करण्याचा अधिकारही संसदेलाच आहे. नदीचे खोरे हे नियोजनाचे एकक मानावे, हा विचारही नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. आंबेडकरांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला याच दृष्टीने चालना दिली होती.

१९५६ साली संसदेने या अधिकारांचा उपयोग करून दोन कायदे केले. एक आंतरराज्य पाणीतंट्यांचा आणि दुसरा नदी मंडळांचा. पहिल्या कायद्याखाली कृष्णा, गोदावरी, नर्मदा, कावेरी, म्हादई अशा नद्यांसाठी लवाद नेमले गेले. दुसऱ्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. वस्तुतः त्या मंडळांना केवळ सल्ल्याचेच अधिकार होते. तरीही राज्यांना त्यांत आपल्या स्वायत्ततेवरील आक्रमण दिसले आणि केंद्राने आग्रह धरण्याचे टाळले. तंटा झाल्यावर तो सोडविण्याचे साधन वापरले गेले. तंटा उद्भवू नये म्हणून केलेले साधन कागदावरच राहिले.

याची किंमत किती पडते, ते कृष्णेच्या उदाहरणावरून कळते. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचे २,०६० अब्ज घनफूट पाणी गृहीत धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट असे वाटप केले. ३१ मे २००० नंतर या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. त्यासाठीचा ब्रिजेशकुमार लवाद २००४ मध्ये नेमला गेला. त्याने २०१० मध्ये निर्णय व २०१३ मध्ये पुढील अहवाल दिला. महाराष्ट्राचा वाटा ६६६ अब्ज घनफुटांवर नेला आणि अलमट्टीची पाणीपातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास अनुमती दिली. तथापि, सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशामुळे हा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध होणे थांबले. पुढे २०१४ मध्ये आंध्र प्रदेशाचे विभाजन झाले आणि लवादापुढे नवे मुद्दे आले. सरकारिया आयोगाच्या शिफारशींनंतर, २००२ च्या दुरुस्तीने लवादांना निर्णयासाठी तीन वर्षे व फार तर आणखी दोन वर्षे अशी मुदत घातली गेली होती, हे येथे आठवावे.

विलंबापेक्षाही गंभीर दोष पद्धतीतच आहे. लवाद पाण्याची वाटणी करतो. वाटणीनंतर त्या पाण्याचे काय होते, हे तो पाहत नाही. जो आधी धरण बांधतो त्याचा हक्क फेरविचाराच्या वेळी बळकट ठरतो, या समजुतीने राज्ये बांधकामाच्या शर्यतीत उतरतात. २००० सालापूर्वी आपल्या वाट्याचे पाणी अडविता यावे म्हणून महाराष्ट्राने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढले आणि कर्जरोख्यांतून पैसा उभारून एकाच वेळी अनेक कामांना हात घातला. त्यांपैकी कित्येक वर्षानुवर्षे अपुरी राहिली. १९९६-९७ पासूनच केंद्रानेही रखडलेल्या प्रकल्पांना साहाय्य देणारा कार्यक्रम सुरू केला. या साहाय्याचा भर बांधकाम पुरे करण्यावर होता. पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते की नाही, याला त्यात दुय्यम स्थान मिळाले.

किमतींच्या बाबतीतही हेच घडते. उसाची रास्त व किफायतशीर किंमत केंद्र ठरविते. कालव्याच्या पाण्याची पट्टी आणि शेतीपंपांच्या विजेचा दर यांचा निर्णय राज्यात होतो. एकीकडे उसाला हमखास दर आणि दुसरीकडे स्वस्त पाणी व वीज, अशा दोहोंच्या ओढीने पाणी उसाकडे वळते. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. तो समोरचा हिशेब पाहून वागतो. मात्र दोन सरकारांचे स्वतंत्र निर्णय मिळून खोऱ्याचे पीकमान ठरवीत असताना त्याच्या एकत्रित परिणामाची जबाबदारी कोणाचीच नाही, ही स्थिती अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर समर्थनीय ठरणार नाही.

पुराच्या वेळी ही पोकळी अधिक जाणवते. २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष महाराष्ट्रानेच नेमलेल्या वडनेरे समितीने काढला. पण नदीकाठच्या जनतेचा त्यावर विश्वास बसला नाही आणि शंका कायम राहिली. चारही राज्यांना मान्य होईल अशी आकडेवारी देणारी संस्थाच अस्तित्वात नसल्यावर दुसरे काय होणार? २०१४ च्या कायद्याने कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ स्थापन झाले. पण त्याचा संबंध तेलंगण व आंध्र प्रदेश यांच्यापुरताच आहे. नदी जेथे उगम पावते आणि जेथे पहिला पूर येतो, तो भाग त्याच्या कक्षेबाहेर आहे.

यावर उपाय म्हणून पाणी समवर्ती सूचीत टाकावे, असे अधूनमधून सुचविले जाते. परंतु ५६ व्या नोंदीने मिळालेला अधिकार जे केंद्र सात दशके पुरतेपणी वापरू शकले नाही, ते आणखी अधिकार मिळाल्याने कार्यक्षम कसे होईल? सर्व तंट्यांसाठी एकच कायम लवाद नेमण्याचे विधेयक ३१ जुलै २०१९ रोजी लोकसभेने संमत केले. राज्यसभेची मोहोर त्यावर उमटली नाही आणि पुढे लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते लयाला गेले. ते संमत झाले असते तरी भर तंट्यांवरच राहिला असता. शिवाय कालव्याचे आवर्तन, विहिरींची पातळी, पिकांची निवड या गोष्टी दिल्लीतून चालविता येत नाहीत.

महाराष्ट्रालाही स्वतःकडे पाहावे लागेल. वरच्या राज्यांनी खालच्यांचा विचार करावा, हे तत्त्व राज्यांतर्गत खोऱ्यांनाही लागू पडते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे. तरी जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. आपल्या एका विभागाला दुसऱ्याचे पाणी देताना जे राज्य कचरते, त्याला शेजारच्या राज्याकडे न्याय मागताना तेवढे नैतिक बळ राहत नाही.

मार्ग घटनेतच आहे. कृष्णा खोऱ्यासाठी चारही राज्ये आणि केंद्र यांचे वैधानिक मंडळ संसदेने स्थापन करावे. लवादाने ठरविलेल्या हिश्शांना त्याने हात लावू नये. पण धरणांची पातळी व विसर्ग दररोज जाहीर करणे, पूरकाळात जलाशयांचे संचालन ठरविणे आणि तुटीच्या वर्षी टंचाई कशी वाटून घ्यावयाची, याचे नियम लावणे हे अधिकार त्याला असावेत. जे राज्य हे नियम पाळील, त्यालाच केंद्राचे सिंचन साहाय्य मिळावे. यात राज्यांची स्वायत्तता थोडी कमी होईल आणि केंद्राची जबाबदारी बरीच वाढेल. दोघांनाही ते गैरसोयीचे आहे, म्हणूनच १९५६ पासून ते टळत आले. तथापि, पुराच्या पाण्यातून बाहेर पडणाऱ्या सांगलीकराला आणि टँकरची वाट पाहणाऱ्या जतच्या शेतकऱ्याला सूची कोणती आणि नोंद कितवी याच्याशी कर्तव्य नाही. त्यांचा प्रश्न साधा आहे, आणि त्याचे उत्तर दोन्ही सरकारांनी एकत्र बसूनच द्यावयाचे आहे.