भरवसा लेखकावर की खेळाच्या नावावर?

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांची पुस्तके लेखकाचे नाव पाहून घेणे ही आंधळी भक्ती, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. मला तर खेळाच्या नावावरचा भरवसा जास्त आंधळा वाटतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव २०००च्या तिसऱ्या आवृत्तीवर होते, २००८च्या चौथ्या आवृत्तीवरही होते. मधल्या काळात रचनाकार बदलले आणि खेळ इतका पालटला की कित्येक जुने खेळाडू दुरावले.

तिसऱ्या आवृत्तीचे एक रचनाकार जोनाथन ट्वीट. त्यांचा ‘आर्स मॅजिका’ (१९८७, मार्क राइन-हेगन यांच्यासह) हा मध्ययुगीन जादूगारांचा खेळ, त्यात फासे आहेत. ट्वीट यांच्याच ‘एव्हरवे’त (१९९५) फासेच नाहीत, निकाल चित्रांच्या पत्त्यांवरून लागतो. म्हणजे नव्या पुस्तकात जुनाच खेळ शोधणारा फसणार, हे कबूल. पण प्रत्येक नियम कशासाठी, याचा विचार हा माणूस करतो, एवढे मला पुरते. परीक्षणांतून ते कळेलच असे नाही. बरीचशी तर खेळून न पाहताच लिहिलेली वाटतात!

श्रेयनामावली मात्र जरूर वाचावी. आवडत्या लेखकाची नुसती प्रस्तावनाच असेल, तर मी पुस्तक परत फळीवर ठेवतो.

– एक वाचक, पुणे