कमरेला टेप लावा

मधुमेह हा आजोबांचा आजार, एवढंच पदवीच्या मुलांना ठाऊक असतं. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हटलं की ती गप्प होतात. कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड्स, चांगलं कोलेस्टेरॉल. या पाचांतली तीन बिघडली की झाला हा विकार. दुखत काहीच नाही, हीच खरी भीती. किडकिडीत असणंही भरवशाचं नाही. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय. मेसचं जेवण चुकवून रात्री अकराला वडापाव, वर कोल्ड्रिंक घेणाऱ्या मुलामुलींनो, आजच शिंप्याची टेप कमरेभोवती धरा. मुलांचा घेर ९० सेंटिमीटर, मुलींचा ८० भरला, तर रक्तदाब आणि रक्त याच आठवड्यात तपासून घ्या.