कुत्रं आणायचंय? आधी घड्याळाला विचारा!



मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की दर वर्षी माझ्या वर्गात एक साथ येते. घाबरू नका, गोवराची नव्हे, कुत्र्याची! "बाई, आम्ही कुत्रं घेणार!" असं एकानं सांगितलं, की दुसऱ्या दिवशी चार घरांत हट्ट सुरू. मधल्या सुट्टीत डबे उघडले जातात आणि चर्चा रंगते. हस्की घ्यायचा की लॅब्रेडॉर? पग की पॉमेरियन? कुणी आईच्या मोबाइलवर पाहिलेल्या निळ्या डोळ्यांच्या कुत्र्याचं वर्णन करतं, कुणी मामाच्या कुत्र्याच्या बढाया मारतं. आणि शेवटी सगळे मिळून मला विचारतात, "बाई, सगळ्यांत चांगली जात कुठली?"

मी म्हणते, हा प्रश्नच जरा उलटा आहे. सगळ्यांत चांगला सदरा कुठला, असं कुणी विचारतं का? माप कुणाचं, ते आधी सांगावं लागतं. म्हणून आज आपण घराचं माप घेऊ या. पालकहो, हे पान तुम्हीही वाचा बरं का, कारण पुढे तुमचीही कामं येणार आहेत.

पहिली गोष्ट अशी, की कुत्र्यांच्या बहुतेक जाती माणसानं काही तरी काम करून घेण्यासाठी तयार केल्या. शेकडो वर्षं त्या कामात जी कुत्री हुशार, त्यांचीच पिल्लं वाढवली. त्यामुळे ते काम त्यांच्या रक्तात मुरलं. आज तेच कुत्रं तुमच्या दिवाणखान्यात बसलं, म्हणून काम विसरत नाही.

हस्कीचंच बघा. सायबेरियाच्या बर्फात चुकची लोकांनी ही कुत्री घसरगाड्या ओढण्यासाठी वाढवली. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम या गावात मुलांना घटसर्प झाला. (तुम्हाला लहानपणी टोचलेल्या लशींमध्ये घटसर्पाची लसही होती, आईला विचारा.) गावात औषध नाही, समुद्र गोठलेला, विमान उडवणं धोक्याचं. तेव्हा वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी एकमेकांच्या हाती देत ते औषध जवळजवळ १०८५ किलोमीटर वाहून नेलं. तेही साडेपाच दिवसांत, शून्याखाली चाळीस अंशांपर्यंतच्या थंडीत! त्यांतले टोगो आणि बाल्टो हे दोन कुत्रे तर जगभर गाजले. बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे.

आता हाच गडी अकोल्याला किंवा जळगावला आणा. मे महिना, पारा ४५ अंशांवर, अंगावर दोन थरांची लोकर, आणि फिरायला मिळतं सोसायटीच्या फाटकापर्यंत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकीची सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवायची. मग तो दिवसभर पंख्याखाली पडून राहतो, आणि रात्री गार झालं की दारं ओरबाडतो, कारण त्याला पळायचं असतं. लोक म्हणतात, "फार दांडगा आहे!" दांडगा कसला, बिचाऱ्याला गाडी ओढायला नाही ना मिळत!

जर्मन शेफर्डला तुमचे आजोबा अल्सेशियन म्हणत असतील. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून ही जात १८९९ पासून जर्मनीत पद्धतशीर वाढवली गेली. हुशार, इमानी, शिकवलेलं पटकन उचलणारा. पण वाढदिवसाला दहा-बारा मुलं अंगणात धावायला लागली, की तो त्यांच्याभोवती गोल फिरतो, कुणाच्या टाचेला दातसुद्धा लावतो. मुलं रडतात, आया ओरडतात. तो मात्र रागावलेला नसतो. तो मेंढ्या गोळा करत असतो! याला रोज शिकवणारं कुणी तरी मोठं माणूस घरात हवं. ते नसेल, तर एवढ्या ताकदीचा हुशार प्राणी स्वतःच स्वतःला काम शोधतो, आणि ते आपल्याला आवडेलच असं नाही.

लॅब्रेडॉर मुलांच्या घराला चांगला, असं सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. गंमत म्हणजे याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांची कुत्री. पाण्यात उडी मारून जाळी ओढायची, निसटलेले मासे तोंडात धरून आणायचे, हे त्यांचं काम. दिवसभर माणसांबरोबर राहायचं, आणलेली वस्तू न चावता हातात द्यायची. म्हणून तो मुलांशी सहसा प्रेमानं वागतो. पण दोन गोष्टी ऐका. एक म्हणजे पहिली दोन वर्षं तो चपला, दप्तरं, सोफा, जे दिसेल ते तोंडात धरणार. मोठा झाला की वजन तीस किलोच्या आसपास, म्हणजे तिसरीतल्या मुलापेक्षा जास्त. लाडात येऊन उडी मारली तरी धाकटी बहीण जमिनीवर! दुसरी गोष्ट त्याच्या खाण्याची. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं, की सुमारे चारातल्या एका लॅब्रेडॉरच्या अंगात एक जनुक थोडं अपुरं असतं आणि त्यामुळे त्याला खाण्याची ओढ जास्त असते. म्हणजे तो केविलवाण्या डोळ्यांनी पोळी मागतो तेव्हा खरंच उपाशी असेल असं नाही. आजीला हे पटवणं सगळ्यांत अवघड!

पगची हौस आपल्याकडे २००३ मध्ये आलेल्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर फार वाढली. मुलाच्या मागे मागे जाणारं ते चपट्या नाकाचं कुत्रं सगळ्यांना हवंहवंसं झालं. पण ते नाक नीट बघा. इतकं आत दाबलेलं, की श्वास घेताना घुर्रघुर्र आवाज येतो. "किती गोड घोरतो!" असं आपण म्हणतो, त्याला हवा पुरत नसते. उन्हात खेळणाऱ्या मुलांच्या मागे पळायला लावलं, तर त्याच्या जिवावर बेततं. माझं स्पष्ट मत आहे, चपट्या नाकाचं कुत्रं उकाड्याच्या गावी आणूच नये. आखूड पायांचा, लांबलचक डॅक्सहुंड जर्मनीत बिळात शिरून शिकार करण्यासाठी वाढवला गेला. लांब पाठ हे त्याचं दुखणं. घरात पहिली-दुसरीतली मुलं असतील, तर ती त्याला मांजरासारखं उचलणार आणि मणका दुखावणार. आणि पांढराशुभ्र केसाळ पॉमेरियन? 'हम आपके हैं कौन' मधला टफी तुमच्या आई-बाबांना विचारा, ते खुलतील! तो लहान घरात मावतो, पण लहान मुलांनी केस ओढलेले त्याला खपत नाहीत, आणि बेल वाजली की भुंकणं ठरलेलं.

आपल्या मातीतला कारवानी तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. सोलापूर, लातूरकडे, आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या मुधोळच्या भागात. लांब पाय, बारीक कंबर, वाऱ्यासारखा वेग. सशाला नजरेनं टिपायचं आणि धावून पकडायचं, हे त्याचं काम. शेतावर, वाडीवर राहणाऱ्या घरासाठी फार छान कुत्रा. पण तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्याला कोंडू नका. समोरून मांजर गेलं, की दोरी धरणारा मुलगा दोरीसकट जाईल!

आता राहिलं आपलं गावठी कुत्रं. उभे कान, वळलेली शेपूट, आखूड केस. याला कुणी ठरवून घडवलं नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्याच उन्हापावसात, माणसांच्या शेजारी राहून जे टिकलं, ते हे. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री आठवा बरं, त्यांत लॅब्रेडॉर दिसतो का कुठे? "रस्त्यावरचं कुत्रं घरात?" असं काही पालक नाक मुरडतात. पण लसी दिल्या, जंतांचं औषध दिलं, नसबंदी केली, रोज माणसांत वाढवलं, तर ते इतर कुठल्याही कुत्र्याइतकंच घरचं होतं, आणि आपली हवा त्याला बाधत नाही. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो, हे मात्र खरं. म्हणून घरात अगदी लहान मूल असेल तर मी पिल्लापेक्षा प्राणी-आश्रयगृहातलं वर्षा-दोन वर्षांचं, शांत स्वभावाचं कुत्रं सुचवते. पिल्लू मोठेपणी कसं निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. मोठं कुत्रं कसं आहे, हे चार वेळा भेटलं की समोरच दिसतं. मुलांसकट भेटायला जा, मुलांच्या आवाजाला ते दचकतं का बघा.

आता घड्याळाकडे येऊ. माझ्या चौथीच्या वर्गात मी मुलांना 'कुत्र्याचा दिवस' लिहून आणायला सांगते. आपला नव्हे, कुत्र्याचा! सकाळी सहाला बाहेर कोण नेणार? शी कोण उचलणार? जेवण किती वाजता? दुपारी जवळ कोण? पाऊस असला तर? दिवाळीत फटाके वाजायला लागले तर? सहामाही परीक्षा चालू असली तर? एका मुलानं फार प्रामाणिकपणे लिहून आणलं. आई-बाबा नोकरीला, आजी गावी, तो शाळेत आणि मग शिकवणीला. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा या वेळेसमोर त्यानं एकच शब्द लिहिला होता, 'एकटा'. वही माझ्या हातात देताना तो स्वतःच म्हणाला, "बाई, हे बरोबर नाही वाटत." मी काही बोलले नाही. त्यांच्याकडे कुत्रं आलं नाही. पण खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या म्हाताऱ्या कुत्रीला तो आता रोज संध्याकाळी फिरवून आणतो. आजोबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिघांचीही सोय झाली.

आणखी एक गणित करा. कुत्रं साधारण दहा ते तेरा वर्षं जगतं. तुम्ही आज पाचवीत असाल, तर ते म्हातारं होईल तेव्हा तुम्ही कॉलेज संपवलेलं असेल. कदाचित दुसऱ्या गावी असाल. तेव्हा त्याला डॉक्टरांकडे कोण नेणार? आई-बाबाच. म्हणून त्यांच्या मनात नसेल, तर हट्ट करून आणलेलं कुत्रं शेवटी कुणालाच सुख देत नाही. नको झालेली जातिवंत कुत्री रस्त्यावर सोडलेली मी पाहिली आहेत. गळ्यात पट्टा असतो, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ती आशेनं बघतात. गावठी कुत्र्याला निदान रस्त्यावर जगायचं कसं ते ठाऊक असतं, यांना तेही नसतं.

पिल्लू घ्यायचं ठरलंच, तर ते आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. २०१७ च्या सरकारी नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकायला बंदी आहे. आईला बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. जो विकणारा आईला दाखवत नाही, त्याच्याकडून मुळीच नको. लसींचं कार्ड हवंच. मोठ्या शहरांत महापालिकेचा परवानाही काढावा लागतो.

घरात आल्यावर मुलांनी काय करायचं, ते थोडक्यात सांगते. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. गळ्याला घट्ट मिठी आपल्याला आवडते, त्याला नाही. त्यानं तोंड फिरवलं, सारखी जीभ ओठांवरून फिरवली, अंग ताठ केलं, की समजा तो म्हणतोय, "पुरे आता!" शेपूट हलते म्हणजे खूश आहे, असं दर वेळी नसतं. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा त्याला विषासारखे. वाटून खायचं नाही. आणि पालकहो, पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रं यांना खोलीत एकटं सोडू नका, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

आता जे सांगते ते नीट ऐका. दात लागला किंवा नखानं ओरखडा उठला, तर तो लपवायचा नाही. "घरातले कुत्र्याला घालवून देतील" या भीतीनं मुलं गप्प बसतात. जखम साबणानं, नळाच्या वाहत्या पाण्याखाली, पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. हळद नाही, तिखट नाही, चुना नाही. मग लगेच डॉक्टरांकडे. रेबीज एकदा सुरू झाला, की त्यातून माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. पण वेळेवर लस घेतली तर तो होतच नाही. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी ही लस पहिल्यांदा जोसेफ मायस्टर नावाच्या मुलाला दिली. तो नऊ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला चौदा ठिकाणी चावलं होतं, आणि तो वाचला. तेव्हा घरच्या कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस, आणि ती तारीख कॅलेंडरवर तुमच्या हातानं लिहिलेली!

सगळं वाचूनही कुत्रं हवंच आहे? मग या सुट्टीत माझा एक गृहपाठ करा. पंधरा दिवस रोज पहाटे सहाला उठायचं, हातात रिकामी दोरी धरायची आणि अर्धा तास चालून यायचं. संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. लोक हसतील, हसू द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हे केलं. नवव्या दिवशी ती उठलीच नाही, आणि रिकामी दोरी घेऊन तिचे बाबा फिरून आले! त्यांच्या घरी आता एक तपकिरी गावठी कुत्री आहे. सकाळची फेरी बाबांची, संध्याकाळची तिची, असं कागदावर लिहून दोघांनी खाली सह्या केल्या आहेत.

तुमचे पंधरा दिवस कसे गेले, आणि दोरी कितव्या दिवशी कुणाच्या हातात गेली, ते मला पत्रानं कळवा. खरं खरं लिहायचं हं!

तुमच्या बाई